दादाच्या नावावरचा कान

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
२ ऑगस्ट १९८२

ती. दादाच्या पायाशी धाकट्या गणपतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी आहे तसा आहे. तुझ्या दम्याचं कसं ते आधी लिही, लावणी झाली का वगैरे मागाहून. संपाचं विचारशील तर तो अजून चालूच आहे. सकाळी उठलं की पाय आपोआप मिलच्या गेटाकडे वळतात आणि तिथं पोचल्यावर आठवतं की आपल्याला आत जायचं नाहीये. मग चारचौघांत उभं राहायचं, कोण गावी गेलं, कोणी भाजीची गाडी लावली ते ऐकायचं. म्हणजे बाकीचे ऐकतात, मी मान डोलावतो.

कारण माझा उजवा कान. विणायच्या साच्यांच्या खडखडाटात तो केव्हाच अर्धा गेला होता, आता वाहायला लागलाय. परळच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला की कानामागचं हाड आतून सडलंय, ऑपरेशन करून खरवडून काढायला हवं, नाहीतर पू मेंदूकडे जाईल. गेला तर काय, असं मी विचारलं. तर म्हणाला, मग पुढचं विचारायला तुम्ही नसाल. डॉक्टर तरणा आहे, पण बोलतो सरळ.

आता खरी अडचण. ऑपरेशन विम्यावर होईल, पण आधी कामगार विम्याच्या ऑफिसची मंजुरी लागते. आणि विमा माझा कुठाय, तो तुझा आहे. खिडकीवरच्या साहेबानं नाव विचारलं तेव्हा तोंडातून गणपत बाहेर पडणार होतं, तेवढ्यात आपल्या गंगुअक्कानं मागून कोपर मारलं. मी म्हटलं, धोंडू सखाराम तोरस्कर. चाळीत गणपत, मिलमध्ये धोंडू. बावीस वर्षं झाली तरी ऑफिसची खिडकी दिसली की मला चोरट्यासारखं होतं. तुला छातीच्या दुखण्यानं गावी जावं लागलं तेव्हा कुशाबा मुकादम म्हणाला होता की कायमची जागा सोडणं हा येडेपणा आहे, धाकट्याला तुझ्या नावावर साच्यावर उभा कर, दोघांचं नाक तर सारखंच आहे. त्या नाकावर मी आजवर भाकरी खातोय.

काय काय लागतं ते अक्कानं दोनदा विचारून घेतलं, कारण मला एकदाही ऐकू आलं नाही. मिलची चिठ्ठी हवी, ती टाइमकीपरनं दिली. संपामुळे माणसं गावी गेलीत आणि त्यांची विम्याची कार्डं भलतेच लोक वापरतात, असा त्यांना संशय आहे. (यावर मी काय बोलणार!) म्हणून गावच्या पोलीस पाटलाचा दाखला हवा, की धोंडू तोरस्कर हा इसम हयात असून मुंबईस मिलमध्ये कामाला आहे. तिसरं म्हणजे कार्डावर वारस म्हणून बायकोचं नाव आहे, रखमा वहिनीचं. ऑपरेशनच्या कागदावर सही तिचीच लागणार, तीही साहेबासमोर बसून. संपाआधी पगारातून जे कापून गेलं त्यावर विमा अजून चालतोय, तो ऑक्टोबरअखेर बंद. त्याच्या आत सगळं उरकायला हवं.

माझी कमल शेवटची आजारी पडली तेव्हा तिला या विम्यातून साधं औषध मिळालं नव्हतं ते आठवलं. कागदावर बायको वहिनी, कमल माझी कोणीच नव्हती. जाऊ दे.

वहिनीला पाठवशील ना? कळावे. लोभ आहेच, तो बहिऱ्यालाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं करावा.

तुझा
गणपत (खिडकीवर धोंडू)

·

॥ श्री ॥

तळेवाडी, ता. देवगड
१३ ऑगस्ट १९८२

चि. गणपतास धोंडूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं, बोलणं माझं. दमा आहे. पायरी चढली की थांबतो, फणसाला हात लावतो, परत चढतो. त्यात नवं काही नाही.

तू खिडकीवर चोरट्यासारखा का होतोस? नाव मी दिलंय, तू चोरलेलं नाहीस. मी गावी आलो तेव्हा माझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय. त्या नावानं तू दोन घरं चालवलीस, माझ्या औषधाला कधी खंड पडू दिला नाहीस. मी तर म्हणतो माझ्यापेक्षा ते तुलाच जास्त शोभलं. मी इथं नुसता बसून खोकतो, धोंडू तोरस्कर तिकडे चार साचे सांभाळतो. लोक विचारतात तेव्हा मला अभिमान वाटतो माझाच.

लहानपणी तुझा हाच कान दुखायचा. मी तुला खांद्यावर घेऊन देवगडच्या दवाखान्यात न्यायचो आणि तू दुखरा कान माझ्या डोक्याला टेकवून रडायचास. तेव्हा त्या कानावर माझाही हक्क आहे. तो नीट करून घे.

शामराव पाटलाकडे जाऊन आलो. त्याला सगळं ठाऊक आहे, साऱ्या वाडीला आहे. तो हसून म्हणाला की धोंडू हयात आहे हे लिहीन, पण कुठं आहे ते कसं लिहू. मी म्हटलं, अर्धा इथं, अर्धा मुंबईत, असं लिही. दाखला गणपतीत देतो म्हणाला. गणपती झाले की तुझी वहिनी येईल. म्हणजे माझ्या दोन वस्तू आता तुझ्याकडे, एक नाव आणि एक ही. दोन्ही जपून वापर आणि परत कर. नाव नाही केलंस तरी चालेल, पण ही परत हवी, मला पेज कोण देणार.

या वेळी तू गणपतीला येऊ नकोस, एस.टी.त कानाला वारं लागेल. आरतीला तुझ्या वाटणीची झांज मी वाजवीन. लोभ वाढवायला आता जागा उरलेली नाही, आहे तेवढा पुरव.

तुझा दादा

ता. क. भावोजी, ह्यांनी पायऱ्यांचं खोटं सांगितलं. पायऱ्या चढतच नाहीत आता. मी लिहिलं हे त्यांना कळवू नका. मला अक्षरं तुम्ही शिकवलीत, चुलीपुढं राखेत बोटानं गिरवून. तुम्हाला खोटं लिहायला या हाताला जमत नाही.
सौ. रखमा

·

तळेवाडी
६ सप्टेंबर १९८२

ती. गंगुवन्संस रखमाचा नमस्कार.

वर श्री घातलेला नाही. कोपराही फाडला आहे. पत्र हातात पडल्याबरोबर तुम्हाला कळलं असेल.

हे गेले. अनंत चतुर्दशीला वाडीतले शेवटचे गणपती पोचवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दारात बसून होते. चहा मागितला. चहा घेऊन आले तर मान भिंतीला टेकलेली होती, नेहमी टेकवायचे तशीच, म्हणून मी कप खाली ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. एवढंच झालं. आम्हांला मूल नाही, त्यात गणपत भावोजी मुंबईत. अग्नी चुलतपुतण्या धर्मानं दिला.

वन्सं, चतुर्दशीच्या दिवशीच त्यांनी मला जवळ बसवून बजावलं होतं. मला काही झालं तर गणपतला कळवायचं नाही, त्याचा कान होईपर्यंत नाही. माझं नाव गेलं तर त्याचा विमा गेला, आणि विमा गेला तर पोर गेला. कळलं तर तो सगळं टाकून इकडे धावत येईल, आणि मेलेल्या भावाच्या नावावर सुरीखाली झोपणार तर नाहीच. तसं वचन घेतलं माझ्याकडून. मी त्यांना ओरडले, की सणाच्या दिवशी असलं काय बोलता.

मी वाडीच्या माणसांना सांगितलं. सगळे देवळात बसले आणि ठरलं की मुंबईला कोणी चिठ्ठी टाकायची नाही, गिरणगावात ज्याचा भाऊ असेल त्यानंही नाही. शामराव पाटलांनी दाखला गणपतीतच लिहून ठेवला होता, त्यावर तारीख तेव्हाचीच आहे. त्या दिवशी हे हयातच होते, तेव्हा दाखला खरा आहे. मृत्यूची नोंद मात्र त्यांनी वहीत चढवलेली नाही. चढवताना मी थांबवलं. आपल्याच माणसाचं मरण मी हात जोडून थांबवलं.

दिवस झाले की सहीसाठी येते. पण बांगड्या फोडल्या आहेत. मंगळसूत्र काढून देवाजवळ ठेवलंय. धोंडू तोरस्करची बायको म्हणून साहेबासमोर बसायचं तर मोकळ्या कपाळानं कसं चालेल? पुन्हा लावायचं का? पाप लागेल का हो? तुम्ही वडील आहात. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची
रखमा

·

मुगभाट, गिरगाव
१२ सप्टेंबर १९८२

रखमा बाळा,

वर सौ. लिहायला हात उठत नाही आणि दुसरं ते लिहायचं तर जळो हा हात. म्हणून नुसतं बाळा.

पत्र वाचलं, रीतीप्रमाणे फाडलं, डोक्यावरून पाणी घेतलं. मोठ्यानं रडता येईना, चाळीच्या भिंती पातळ. नळाखाली बादली लावली आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. धोंडू माझ्यामागचा. त्याला मी कडेवर वागवला आहे. आणि त्याच संध्याकाळी गणपत जेवायला आला! माझे डोळे बघून विचारू लागला. मी कांद्यावर ढकललं. तर म्हणाला की अक्का, कांदा महाग झालाय, एवढा का चिरलास. मी त्याला ताट वाढलं आणि त्याच्या त्या नाकाकडे बघत बसले. धोंडूचंच नाक.

तू पाप म्हणतेस. मी आधी विमा ऑफिसात गेले. म्हटलं, दुसरी काही वाट आहे का बघू, विधवेच्या कपाळाशी खेळ नको. शेजारणीचं म्हणून आडून विचारलं, की कार्डवाला माणूस गेला आणि घरातल्या कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर काय. साहेब बिचारा वाईट नाही. त्यानं नीट समजावलं की कार्ड माणसाचं असतं, माणूस गेला की मंजुरी कसली आणि काय. डॉक्टरलाही गाठलं. तो म्हणतो की पुढच्या महिन्यावर नेऊ नका. गणपतचा ताप आता उतरत नाही, बोलता बोलता मध्येच डोकं धरून बसतो. तुला घाबरवायला लिहीत नाही, पण तूच सांग, आता काय करायचं. धोंडूला अजून थोडे दिवस जिवंत ठेवल्याशिवाय गणपत काही वाचत नाही.

म्हणून तू ये, आणि लावून ये. पाप असलंच तर ते माझ्या नावावर. मी सगळ्यांत मोठी, आता पुढचा नंबर माझाच. वर जाऊन काय ते मी भांडेन.

आधी माझ्याकडेच उतर, लालबागला नको. माझ्या घरात आमचे हे गेल्यापासून कुंकवाचा करंडा नाही. समोरच्या गुणवंतीकडून मागून आणलाय, पाहुणी यायचीय म्हटलं. लावायचं मात्र तुझं तूच, मला लावता येत नाही तुला, ठाऊक आहे ना. बांगड्या कासाराकडे भरू. मनगट दाबताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर तो समजेल की हात मोठा आहे म्हणून दुखलं.

गणपतला ऐकू येत नाही ते एक बरं, आपले आवाज त्याला कळणार नाहीत. त्याचे डोळे मात्र शाबूत आहेत, तेवढे सांभाळ. बाकी देवाचा लोभ आपल्यावर असेल असं काही वाटत नाही, तेव्हा आपणच एकमेकींवर ठेवू.

तुझी
गंगुअक्का

·

॥ श्री ॥

परळ, हॉस्पिटलातून
२४ सप्टेंबर १९८२

ती. दादास गणपतचा शि. सा. न. वि. वि.

मंजुरी झाली! कागदावर शिक्का बसला. उद्या सकाळी पहिला नंबर माझा, म्हणजे तुझा. खाटेच्या पायथ्याशी पाटी आहे, धोंडू सखाराम तोरस्कर. नर्सबाई हाक मारते तेव्हा मी बहिरा असल्यामुळे ऐकत नाही आणि गणपत असल्यामुळेही ऐकत नाही. ती पार वैतागली आहे.

वहिनीनं तुझी लाज राखली. दाखला दिला, सही केली, अक्षर बघून साहेबानं किती इयत्ता शिकलात म्हणून विचारलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं की हेच का तुमचे मालक. तेव्हा ही जी रडायला लागली! मी लाजेनं मेलो, मला वाटलं आता सगळं फुटतंय. ती काहीच बोलेना, अक्काच पुढे होऊन काहीबाही बोलली. साहेब उलट घाबरला आणि वहिनीला धीर देऊ लागला, की बाई, कानाचं ऑपरेशन आहे, तुमचं कुंकू शाबूत राहील. तर ती आणखीच रडली. एवढा जीव आहे रे तिचा माझ्यावर, मला आजवर कळलं नव्हतं.

पण तिचं काहीतरी बिनसलंय, तू बघ. खाली मान घालून असते. मी मुद्दाम लालबागच्या बाजारातून बांगडे आणले, तिनं शिवले नाहीत. अक्का म्हणाली अधिक महिना लागलाय, पाळतात बायका. वहिनीनं कधीपासून अधिक महिना पाळला? हातभर हिरव्या बांगड्या भरून आलीय आणि एकदाही वाजू दिल्या नाहीत. मी तिला म्हटलं की दादाची काळजी लागली म्हणून जीव तिकडे ओढतोय का, तर उठून मोरीत गेली. आज दुपारच्या एस.टी.त तिला बसवून दिली असेल अक्कानं. तू सांगितलं होतंस तशी वस्तू परत पाठवली. तुझा दमा कसा आहे ते कळव.

आता एक गोष्ट, रागावू नकोस. आज हजाम आला. कानामागचे केस काढायचे होते. अर्धं डोकं तासल्यावर आरशात बघितलं तर मीच दचकलो. म्हटलं, बाबा, आता सगळंच काढ. गुळगुळीत गोटा झालाय. त्याचा हात वरच्या ओठाकडे आला तेव्हा मात्र मी त्याचं मनगट धरलं. डोकं आणि मिशी एकदम कधी उतरवतात ते तुला काय सांगायचं. बाबा गेले तेव्हा आपण दोघं वहाळाच्या काठावर शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांच्यामागे तूच मला बापाच्या जागी. तू तिकडे दारात बसून चहा पितोयस आणि मी इकडे मिशी काढू? गोट्याचं काही मनावर घेऊ नकोस, ते डॉक्टरचं काम. मिशी माझी आहे तिथं आहे.

उद्या तुझ्याच नावानं झोपतोय, म्हणजे तूच माझ्याबरोबर आत येणार, म्हणून भीती नाही. लोभ असू दे, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत तुझ्याजवळच ठेव.

तुझा
गणपत

·

॥ श्री ॥

तळेवाडी
२ ऑक्टोबर १९८२

चि. गणपत भावोजींस रखमाचे आशीर्वाद.

गंगुवन्संचं कार्ड आलं. ऑपरेशन नीट झालं, सगळं साफ निघालं, ताप उतरला हे वाचलं. देवाला दिवा लावला. ते कार्ड मी दोनदा मोठ्यानं वाचलं, एकदा घरात आणि एकदा फणसाखाली बसून.

तुम्ही ह्यांची विचारपूस केलीत. ह्यांना आता दम लागत नाही. खोकलाही राहिलेला नाही. रात्री उठून बसावं लागत नाही. सगळा त्रास गेला.

तुम्हाला ह्यांचं सांगणं एवढंच होतं की कान पुरा बरा झाल्याशिवाय इकडे यायची घाई करू नका. तुमचं गोट्याचं पत्र वाचलं. मिशीचंही वाचलं. तुम्ही त्या हजामाचा हात धरलात ते तुमच्या मायेनंच धरलात.

डोक्याला टोपी घाला, वारं लागू देऊ नका. जास्त लिहिता येत नाही. लोभ कधी उणा नव्हता, पुढेही नसेल.

तुमची
वहिनी

·

॥ श्री ॥

लालबाग
२० ऑक्टोबर १९८२

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घरी आलो! हॉस्पिटलनं कागद दिलाय, तो मी कंदिलाच्या खिळ्याला टांगून ठेवलाय. त्यावर लिहिलंय, धोंडू सखाराम तोरस्कर, बरा होऊन घरी गेला. तुला दाखवायला आणीन. बघ, तू किती ठणठणीत आहेस ते.

कानातली पट्टी काढली तेव्हा डॉक्टरनं घड्याळ जवळ धरलं. टिकटिक आली. खूप नाही, पण आली. मला वाटलं, आता पहाटेचा मिलचा भोंगा या कानानं ऐकायचा. अंथरुणात पडून वाट बघत होतो. मग लक्षात आलं की तो वाजायचाच बंद आहे. कान सुधारला आणि ऐकायला काही नाही. लालबाग इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. तरी बाजूच्या खोलीत रामू पोथी वाचतो ते कळलं. तुझा आवाज या कानात घ्यायचा राहिलाय. लहानपणी याच कानात तू काय काय सांगून मला रडायचा थांबवायचास.

डॉक्टरनं प्रवासाची मोकळीक दिली आहे. येत्या आठवड्यात निघतो. वहिनीनं लिहिलंय की तुझा दमा पार गेला, मग माझ्याबरोबर बंदरावर यायचं, मी हात धरीन. पत्र मात्र तू सांगितल्यासारखं वाटत नव्हतं. तुझा एकही टोमणा नाही त्यात. इतका बरा झालास की मला विसरलास?

लोभाचं तोंडानं बोलू, समोरासमोर.

तुझा
गणपत

·

तळेवाडी
२५ ऑक्टोबर १९८२

गणपत भावोजींस रखमाचे आशीर्वाद.

निघण्याआधी हे मिळावं. एस.टी.तून उतरून तुम्ही ह्यांना हाक मारत पाणंदीनं याल, आणि ती हाक मला ऐकवणार नाही, म्हणून लिहिते.

वर श्री नाही. कोपरा फाडला आहे. भावोजी, खाली बसा आणि मग पुढे वाचा.

तुमचे दादा गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. मी सहीला आले तेव्हा ह्यांचे दिवस होऊन गेले होते. कपाळाला लावलं ते साहेबासाठी लावलं, बांगड्या भरल्या त्याही त्यासाठीच. परत येताना राजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरून सगळं काढलं आणि घरी आले. साहेबानं तुमच्याकडे बोट केलं तेव्हा मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हणाले नाही. त्याबद्दल काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

वन्संवर रागावू नका. वाडीवरही नाही. तुम्हाला कळवू नये ही ह्यांची इच्छा. तुमचा कान व्हायच्या आत आपलं नाव जाऊ नये एवढीच त्यांना चिंता होती. जीव जाण्याची नव्हती.

नोंद वहीत अजून चढलेली नाही. शामराव पाटील म्हणतात की गणपत सांगेल तेव्हा चढवू. ह्यांनी असंही सांगून ठेवलंय की संप मिटला, मिल उघडली, तर तुम्ही त्याच नावानं कामावर जावं, नाव तुमचंच आहे. मी आणखी वाट बघायला तयार आहे. तुम्ही सांगाल तोवर मी घरात राहीन, कोणी परकं आलं तर पुढे येणार नाही. एकदा केलं ते पुन्हा करता येईल.

मागच्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं नाही. एवढा माझ्यावर विश्वास ठेवा.

तुमची
रखमा

·

लालबाग
१ नोव्हेंबर १९८२

ती. वहिनीस गणपतचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. निघालो होतो, पिशवी भरलेली होती. ती तशीच आहे. उद्याच्या गाडीनं येतो, पण हे आधी पोचावं म्हणून ओळखीच्या कंडक्टरच्या हातात देतोय. तुझ्यासमोर मला हे सांगता येणार नाही.

अक्का आली होती. मी तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली की शिव्या घाल, आता तुला ऐकू येतंय आणि मलाही. मग आम्ही दोघं खिळ्यावरच्या कागदाखाली बसून राहिलो.

तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. दम लागत नाही, खोकला नाही, सगळा त्रास गेला. एक शब्द खोटा नाही. राखेत अक्षरं मीच गिरवून दिली होती, ती अशी लिहायला लागतील असं कुठं वाटलं होतं. बांगडे आणले होते मी तुझ्यासाठी. तुला बांगड्या वाजवत नाहीस म्हणून हसलो.

वहिनी, दादानं लिहिलं होतं की माझ्या दोन वस्तू तुझ्याकडे आहेत, जपून वापर आणि परत कर. तुला मी परत पाठवली, पण कशी पाठवली ते आता कळलं. निदान नाव तरी धड परत करतो. शामरावांना सांग, नोंद चढवा, खऱ्या तारखेनं चढवा. मिल उघडेल तेव्हा उघडेल. मी गेटावर गणपत म्हणून जाईन, बदलीवाल्यांच्या रांगेत उभा राहीन, घेतलं तर घेतलं. दादानं गावात बसल्या बसल्या बावीस वर्षं माझ्याबरोबर पाळी भरली. गेल्यावरही माझ्यासाठी सुरीखाली झोपला. त्याला अजून किती दिवस कामावर ठेवायचं? त्याला आता सुटू दे, आणि तूही घरात लपून राहू नकोस. तू कोणाला भ्यायचं कारण नाही.

विमा कालच संपला. मी त्या खिडकीवर गेलो नाही, कार्ड नुसतं कपाटात ठेवलं.

लोभाचं काय लिहू. तुझा एवढा निघाला की फेडायला मला दोन नावं असती तरी पुरली नसती.

आज सकाळी हजामाकडे गेलो. केस पुन्हा बोटभर आले होते, ते काढले. मग त्याला वरच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं. त्यानं वस्तरा थांबवला आणि विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, धोंडू सखाराम तोरस्कर. आणि वहिनी, इतक्या वर्षांत ते नाव सांगून झाल्यावर मी पहिल्यांदाच पुढे म्हटलं, की माझा थोरला भाऊ.

तुझा
गणपत